फ्रान्समध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून अर्ज करतेय, पत्रात नेमकं काय लिहू?

निरगुडी:

नमस्कार. मी मूळची बार्शीची, सध्या पुण्यात असते. वय २४. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बार्शीतच इंग्रजी घेऊन बी.ए. पुण्यात आल्यावर रानडे इन्स्टिट्यूटमधून फ्रेंचचं सर्टिफिकेट आणि डिप्लोमा केला. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-वन पातळी पास आहे, पुढच्या बी-टूचा अभ्यास चालू आहे. कोथरूडला एका क्लासमध्ये नववी-दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते.

फ्रान्समधल्या सरकारी शाळा सात महिन्यांसाठी इंग्रजीचे भाषा-सहायक घेतात आणि भारतातल्या फ्रेंच शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, असं आमच्या मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. अर्जासोबत फ्रेंचमध्ये पत्र द्यायचंय, की मला ही जागा का हवी. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. वाचताना वाटतं, हे कुणीही लिहिलं असतं.

शिवाय मनात एक भीती आहे, ती मोकळेपणाने लिहिते. माझं इंग्रजी बरं आहे, पण ते कॉन्व्हेंटचं नाही. फ्रेंच मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायला इंग्लंड-अमेरिकेची मुलं जातात. त्यांच्या रांगेत मी कुठे उभी राहणार?

बाबांचं अडतीचं दुकान आहे. त्यांचा विरोध नाही, पण त्यांनी सरळ विचारलं: तिकिटाचे पैसे कोण देणार, पगारात भागेल का आणि सात महिन्यांनी पुढे काय? माझ्याकडे तिन्हीची उत्तरं नाहीत. अमेरिकेच्या फुलब्राइटमध्येही असंच काहीतरी असतं म्हणतात, ते आणि हे एकच का? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.


दौलताबादी:

फुलब्राइटपुरतं मी सांगतो, फ्रान्सबद्दल इतर लोक सांगतील. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्सची ती मुदतीची नोकरी आहे. फुलब्राइटची ती शिष्यवृत्ती, आणि तिथे तुम्ही इंग्रजी नाही, आपली भाषा शिकवता. मी एका सरकारी विद्यापीठात नऊ महिने हिंदी-उर्दू शिकवली. त्याआधी संभाजीनगरला एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो.

भारतातलं काम यूसिफ म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन बघतं. वयाची अट २१ ते २९. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास शिकवायचं आणि प्रत्येक सत्रात स्वतःही विद्यापीठाचे दोन विषय घ्यायचे. पदवी मिळत नाही, पण त्या विषयांची फी माफ असते. येण्याजाण्याचं विमानभाडं, महिन्याचा भत्ता आणि आजारपणाचं संरक्षण त्यांच्याकडून, त्यामुळे वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिकडे सोपं आहे. व्हिसा जे-वन. त्यात एक कलम असतं, ते सही करण्याआधी वाचा: परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिकडचा काम करण्याचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मिळत नाही. कोणत्या भाषा घेणार हे त्या वर्षीच्या जाहिरातीवर ठरतं, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

निरगुडी, तुम्ही फ्रेंच शिकलात, शिकवताय. तुमच्यासाठी पहिला अर्ज फ्रान्सचाच. महाविद्यालयात शिकवायला लागलात की अमेरिकेचा विचार करा, २९ ला अजून वेळ आहे.


कृष्णाकाठ:

निरगुडी, तुझं लिहिलेलं वाचून मी ऑफिसातून घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुला उत्तर देत होते. मी कराडची. मराठी शाळा, मग पुणे, मग तुझ्यासारखंच रानडे. २०१८-१९ ला मी ओरियाकला सहायक होते. फ्रान्सच्या मध्यावर काँताल नावाचा डोंगराळ जिल्हा आहे, त्याचं हे मुख्य गाव. क्लेरमाँ-फेराँच्या आकादेमीत येतं. आकादेमी म्हणजे शिक्षण खात्याचा विभाग, आपल्याकडे कोल्हापूर बोर्ड, लातूर बोर्ड असतं तशी वाटणी.

आधी तुझ्या भीतीचं बोलू, कारण पत्र अडलंय ते तिथेच. ही योजना शंभर वर्षांहून जुनी आहे. पॅरिसजवळच्या सेव्रमधली जी संस्था ती चालवते तीच तुझी डेल्फची परीक्षा घेते. दरवर्षी सगळ्या भाषांचे मिळून सुमारे साडेचार हजार सहायक येतात. त्यातले इंग्रजीचे फक्त लंडन-न्यूयॉर्कचे नसतात. आयर्लंड, जमैका, ऑस्ट्रेलिया आणि आपण. मुलांनी इंग्रजीचे वेगवेगळे आवाज ऐकावेत म्हणूनच भारतातून माणसं घेतात. त्यांना कॉन्व्हेंट हवं असतं तर त्यांनी आपल्याकडे पाहिलंच नसतं.

माझ्या दुसऱ्याच तासाला काय झालं ते ऐक. लिसे म्हणजे तिथली उच्च माध्यमिक शाळा, तिथला वर्ग, आपली अकरावी. बारा मुलं अर्ध्या गोलात बसलेली. मी त्यांना हवामानावर बोलतं करत होते आणि दर वाक्यात ‘विंटर’, ‘वेदर’, ‘विंड’. मागच्या एका मुलाने हात वर केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, मॅडम, तुम्ही डब्ल्यू आणि व्ही सारखेच का म्हणता? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरंच म्हणत होते. आपल्या ‘व’मध्ये दोन्ही मावतात, त्यामुळे आपल्याला फरक ऐकूच येत नाही. मी फळ्यावर देवनागरी ‘व’ काढला आणि सांगितलं, माझ्या भाषेत या दोन आवाजांना हे एकच घर आहे. मग त्याला म्हटलं, आता तू ‘हाउस’ म्हण. तो म्हणाला ‘आउस’. ‘हॅपी’ म्हण. ‘आपी’. फ्रेंचमध्ये ‘ह’चा उच्चारच नाही, मग जिभेला तो येणार कुठून? वर्ग हसला आणि तोही हसला. त्या दिवशी आमचा करार ठरला: माझा डब्ल्यू चुकला की त्यांनी हात वर करायचा, त्यांचा ‘ह’ गळाला की मी. एप्रिलपर्यंत तो करार चालला. ज्या मुली वर्षभर तोंड उघडत नव्हत्या त्या माझी चूक पकडायला म्हणून कान देऊन ऐकायच्या आणि पकडली की ती इंग्रजीतच सांगायच्या. त्यांच्या शिक्षिका मला म्हणाल्या, गेल्या वर्षी इथे ऑक्सफर्डकडचा एक मुलगा होता, फार सुंदर बोलायचा, आणि मुलं त्याच्यासमोर गप्प बसायची.

तुला जी उणीव वाटतेय ती तुझ्या कामाची आहे. परकी भाषा तोंडात बसवताना काय होतं हे तुला माहीत आहे. एकदा इंग्रजीसाठी, एकदा फ्रेंचसाठी, दोनदा तू त्यातून गेलीस.

आता पत्र. माझा पहिला मसुदा अजून आहे माझ्याकडे. ‘फ्रान्सच्या समृद्ध संस्कृतीविषयी मला लहानपणापासून आकर्षण आहे’ इथून सुरुवात, मग कला, मग साहित्य, शेवटी ‘या अनुभवातून माझा सर्वांगीण विकास होईल’. आमच्या सरांनी वाचून एकच विचारलं: यात मुलं कुठायत? खरंच नव्हती. पूर्ण पानभर मी आणि फ्रान्स, दोघंच.

सहायकाचं काम असतं मुलांना बोलतं करणं. आठवड्याला बारा तास, एक ऑक्टोबर ते तीस एप्रिल. पेपर तपासायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत. मूळ शिक्षक अर्धा वर्ग घेऊन एका खोलीत आणि उरलेला अर्धा तुझ्याकडे, असं बहुतेक वेळा असतं. म्हणजे पत्र वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं, की अनोळखी बारा मुलं आणि पाऊण तास हातात दिला तर ही मुलगी काय करेल.

मी मग कराडचं लिहिलं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचे. ती पोरं वाचायची, पण बोलायची नाहीत. एकदा पर्समध्ये एसटीची तिकिटं सापडली, कराड-पाटणची. चटया ओळीत टाकून बस केली. एक पोरगा कंडक्टर. कुठे जायचं, किती जण, सुट्टे द्या, पुढे सरका, सगळं इंग्रजीत. कंडक्टरला बोलल्याशिवाय तिकीट फाडता येत नाही, म्हणून तो बोलायचा, आणि प्रत्येकाला कंडक्टर व्हायचं असायचं. हे मी जसंच्या तसं सहा-सात ओळींत फ्रेंचमध्ये लिहिलं, आणि खाली लिहिलं की तुमच्या शाळेत हेच मी रेल्वेच्या तिकिटावर करेन. मुलाखतीत मला विचारलं, वर्गातलं कुणीच बोललं नाही तर? मी एसटीच सांगितली. पुढचे पाच मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोलत होतो आणि फ्रेंच चुकेल ही भीती कधी गेली मला कळलंही नाही.

तुझी एसटी कोणती ते तूच शोध. कोथरूडच्या क्लासमधला एखादा दिवस असेल. दुकानातली कुठली गोष्ट असेल. पण खरी असू दे, कारण मुलाखतीत तिच्यावरच विचारतील.

पैशांचं स्पष्ट सांगते. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. राहायची जागा आपण शोधायची. माझ्या वेळी पगार ९६५ युरो होता, कापून हातात साधारण ७८५. आता थोडा वाढलाय, तरी हातात ८०० च्या घरातच येतो. छोट्या गावात एका माणसाचं यात नीट भागतं. पॅरिसमध्ये खोलीचं भाडंच निम्म्याहून जास्त खाईल. बाबांना सांग, पगारात खर्च निघतो, त्यातून तिकिटाचे पैसे भरून निघतील असं धरू नका. आणि कर्ज काढून जाऊ नकोस.

पहिला पगार येईपर्यंतचे पैसे जवळ असायलाच हवेत. मी १,५०० युरोंची सोय करून गेले होते आणि पहिल्या दीड महिन्यात ११०० संपले. बँकेत खातं उघडायला गेले तर म्हणाले, पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणाले, आधी बँकेचा तपशील द्या, मग करार. दोन आठवडे मी या दोघांच्या मधे. शेवटी लिसेच्या कचेरीतल्या बाईंनी, मी शाळेच्या वसतिगृहात राहते असा दाखला शिक्का मारून दिला, तेव्हा खातं उघडलं. पण तोवर ऑक्टोबरच्या पगाराची मुदत टळली होती. दोन्ही पगार नोव्हेंबरच्या शेवटी एकदम आले. तू पोहोचल्या दिवशीच शाळेच्या कचेरीत जा आणि असा दाखला माग. आणि रुजू झाल्याच्या कागदावर पहिल्या दिवशी सही झाली का, तेही विचार. त्या कागदावरून पगार निघतो.

घरभाड्याला सरकारची मदत मिळते, पण तिच्यासाठी जन्मदाखला लागतो, अपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का घेतलेला) आणि त्यांच्या अधिकृत अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये उतरवलेला. हे इथूनच करून जा. मी तिथे गेल्यावर भावाला धावपळ करायला लावली. कागद हाती येईपर्यंत जानेवारी उजाडला. घर घेताना जामीन मागतात, तिथे आपलं कोण असणार? ‘व्हिसाल’ नावाची हमी आहे, तरुणांना फुकट मिळते. तिचा अर्ज घर शोधायच्या आधी कर.

गावाची पसंती विचारतात तेव्हा सगळे पॅरिस, लियों, नीस लिहितात. मी सरांच्या सांगण्यावरून क्लेरमाँ लिहिलं होतं, आणि तेही मोठ्या शहरातली शाळा मिळेल या आशेने. ओरियाकचं नाव पत्रात पाहिलं तेव्हा नकाशावर शोधावं लागलं. क्लेरमाँहून अडीच तास छोटी गाडी, लिओराँच्या बोगद्यातून. बोगद्याच्या अलीकडे ऊन होतं, पलीकडे बर्फ. पण त्या गावाने मला जे दिलं ते मोठ्या शहरात मिळालं नसतं. तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाली बाई नावाने हाक मारायला लागली. गावात दुसरी भारतीय मुलगी मला तरी भेटली नाही, त्यामुळे दिवसभर फ्रेंचशिवाय गत्यंतर नव्हतं.

एक सांगते. १७ नोव्हेंबर २०१८, शनिवार. डिझेलवरच्या करावरून पिवळी जाकिटं घातलेली माणसं सगळ्या देशात चौकाचौकांत बसली. आमच्या गावाबाहेरच्या गोल चौकातही. सोमवारी वर्गात मुलं नेहमीसारखी आली नाहीत. कुणाचे वडील त्या चौकात होते, कुणाची आई दवाखान्यात नोकरीला चाळीस किलोमीटर गाडी हाकत जाणारी. मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला. एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे डिझेल केवढ्याला? मी सांगितलं, आणि सांगितलं की आमच्याकडे कांद्याचा, उसाचा भाव पडला की शेतकरी असेच रस्त्यावर बसतात, आमच्या कराडचा हायवेसुद्धा अडतो. त्या तासाला इंग्रजी शब्द अडले की मुलं एकमेकांना पुरवत होती, कारण त्यांना खरंच काही सांगायचं होतं. अडतीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला असा तास माझ्याहून चांगला घेता येईल.

जेवणाचं तू विचारलं नाहीस, पण आई विचारेल. शाळेच्या कांतीनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं. मी अंडी, बटाटे आणि काँतालचं चीज यावर बारा ते दीड निभावायचे. रात्री मात्र घरचं. शेजारच्याच जिल्ह्यात ल प्युईचे हिरवे मसूर पिकतात, बारीक आणि घट्ट, शिजून फुटत नाहीत. गोडा मसाला आणि आमसूल घालून त्याची आमटी इतकी जमायची की माझ्याबरोबर राहणारी स्पॅनिश मुलगी तीच मागायची. मसाला जास्त ने.

पुढे काय, याचं उत्तर: सात महिन्यांनी परत यायचं, असं धरूनच जा. यातून तिथली कायमची नोकरी मिळत नाही. मी परत आले, बी-टूची सी-वन झाले आणि आज पुण्यात फ्रेंच कागदपत्रांवर काम करते, शनिवारी शिकवते. बाबांना हे असंच सांग.


निवृत्त मास्तर:

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं आहे. मी सांगलीकडे पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं आणि परदेशी जाणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं पुष्कळ लिहिली, तेवढ्याबद्दल दोन शब्द.

मुलं आदल्या दिवशी येतात आणि म्हणतात, सर, मी लिहून आणलंय, फक्त सही द्या. असं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण अर्ज आणि शिफारस दोन्हींत तीच वाक्यं असतात. निरगुडी, तू तुझ्या मॅडमकडे निदान तीन-चार आठवडे आधी जा. सोबत एक पान दे, त्यात तू त्यांच्या वर्गात कधी, काय केलंस ते लिही: कुठला विषय सादर केलास, कुणाला मदत केलीस, काय चुकलं आणि कसं सुधारलंस. शिक्षकाला शेकडो मुलं असतात, त्याला तुझा चेहरा आठवतो पण प्रसंग आठवत नाहीत. प्रसंग तू दे, वाक्यं त्यांना लिहू दे. आणि ज्यांनी तुला शिकवताना पाहिलंय अशा माणसाचं एक पत्र हवंच. क्लासच्या चालकांनी तुझा तास ऐकला असेल, तर मोठ्या हुद्द्याच्या पण तुला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा त्यांचं पत्र चांगलं.


निरगुडी:

ताई, सर, दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ताई, तुमचं उत्तर मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. कर्ज काढायचं नाही हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पिवळ्या जाकिटांच्या जागी त्यांनी मला थांबवून परत वाचायला लावलं.

काल रात्री बसून पाचवा मसुदा लिहिला. सुरुवात मराठीत सांगते: ‘आमच्या दुकानात दिवाळीनंतर तुरीची आवक सुरू होते. लहानपणी मी बाबांशेजारी बसून वजनाचे आकडे वहीत मांडायचे. हमाल आकडे ओरडायचे, एकोणसाठ, एकोणऐंशी, आणि मी दर वेळी चुकायचे, कारण एकोणऐंशी ऐकताना आधी ऐंशी ऐकू येतं. फ्रेंच शिकताना एकोणऐंशीला साठ-दहा-नऊ म्हणतात हे कळलं तेव्हा मला ती वही आठवली. कोथरूडच्या क्लासमध्ये मी मुलांना हाच खेळ देते: एक जण हमाल, एक जण वहीवाला, आकडे फ्रेंचमध्ये. या संधीमुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाला नवा आयाम मिळेल.’

हे चालेल का? खूप घरगुती वाटतंय का? आणि प्राथमिक शाळा की माध्यमिक, यावर काय खूण करू?


कृष्णाकाठ:

निरगुडी, शेवटचं वाक्य काढ. बाकी एका शब्दालाही हात लावू नकोस. त्या वाक्याच्या जागी लिही की फ्रेंच मुलांबरोबर हाच खेळ इंग्रजी आकड्यांवर कसा घेशील. त्यांनाही थर्टीन आणि थर्टी ऐकताना एकच वाटतं, तेराच्या जागी तीस क्विंटल लिहिले तर वहीचं काय होईल ते मुलांना विचार. तुझ्या वहीवाल्याला तिथे भरपूर काम आहे.

घरगुती वाटतंय म्हणालीस. तेच वाचायला मिळावं म्हणून ते पत्र मागतात.

माध्यमिकवर खूण कर. प्राथमिकमध्ये मुलांना इंग्रजी जवळजवळ येत नसतं, सगळं सांभाळायला फ्रेंच घट्ट लागतं आणि गाणी-खेळ सतत हवेत. तू नववी-दहावीला शिकवतेस, तुझा हात तिथे बसलाय. एक लक्षात ठेव, बारा तास दोन-तीन शाळांत वाटलेले असू शकतात. माझे दोन ठिकाणी होते, लिसे आणि एक कोलेज, म्हणजे लिसेच्या आधीची शाळा, मधे वीस मिनिटांची चाल. जानेवारीत ती चाल पहाटेच्या अंधारात आणि बर्फातून असते. पुण्यातले बूट चालत नाहीत, तिथे गेल्यावरच घे.

सुट्ट्यांचं गणित आधीच मांड. मी रुजू झाले आणि २० ऑक्टोबरला दोन आठवड्यांची सुट्टी लागली. पगार कापत नाहीत, पण वसतिगृह बंद झालं आणि खातं उघडलेलं नसताना मला पंधरा दिवस राहायला जागा बघावी लागली. मूळ शिक्षिकेने तिच्या घरी ठेवून घेतलं म्हणून निभावलं. रुजू व्हायचं पत्र आलं की शाळेला लगेच मेल करून विचार, वसतिगृहात खोली आहे का आणि सुट्टीत ती उघडी असते का.

आता आज उद्या करायचं काम. तुझा पासपोर्ट, दहावीचं गुणपत्रक आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि नाव अक्षर न अक्षर ताडून बघ. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर दुसराच क्रम. फ्रेंच फॉर्मवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा, त्यात वडिलांचं नाव कुठे टाकायचं हा घोळ मी तीन कचेऱ्यांत तीन प्रकारे घातला होता, आणि व्हिसा एका नावाने, पगारपत्रक दुसऱ्या नावाने निघालं. ते सरळ करायला फेब्रुवारी उजाडला. सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमाने.

जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नाव घातलेलंच नसतं, नुसतं ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. माझ्यावर तसंच होतं. तुझ्यावर नाव नसेल तर बार्शी नगरपालिकेत अर्ज करून ते आत्ताच चढवून घे, इंग्रजी-मराठी दोन्ही असलेली प्रत माग, मग राज्याचं साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल. बाबा दुकानातून जवळ असतील तर पहिल्या कामाला त्यांना पाठव. दोन प्रती काढायला सांग.


निरगुडी:

ताई, आत्ता दाखला काढून बघितला. नाव नाहीये. ‘स्त्री’ एवढंच आहे. बाबा सोमवारी नगरपालिकेत जातायत.